शाळेआधीचं क्रॉसिंग

“थांब म्हनलं ना? मग थांब की गुमान. आनि इंजान बंद कर, कान किटलं माझं.”

“आगं डोली, पर पलीकडं जानार कोन हाय? चिटपाखरू न्हाई रस्त्याला.”

“चिटपाखराचं काय घिऊन बसलास? झेंडं लागल्यात का न्हाईत?”

“लागल्यात.”

“मी मधी हुबी हाय का न्हाई?”

“हायस की. चांगली पाय रोवून हुबी हायस.”

“मी मानूस हाय का न्हाई?”

“त्ये मातूर कुनी लिहून दिल्यालं न्हाई.”

“मग लिहून येईस्तवर थांब. मर्व्या, तुजा बाप हितनं डुकरांचा ट्रक घिऊन जायाचा, त्यो माझ्यासाठी एकदा सुदिक थांबला न्हाई. तू थांबायचं.”

हे बोलणं माझं आणि डोलोरेस ग्रेकचं. रोजचंच. मी पाण्याचा टँकर चालवतो. टॅरिंगबूलमध्ये दर आठवड्याला एक नवा रस्ता होतो आणि त्याची धूळ उठून कुणाच्या तरी नव्या घरात, नव्या सोफ्यावर जाऊन बसते. ती उठायच्या आत रस्त्यावर पाणी मारायचं, हे माझं काम. सकाळी सव्वाआठ ते सव्वानऊ आणि दुपारी तीन ते चार, या वेळात मोठ्या रस्त्यानं जायचं झालं, की डोली चमकत्या पट्ट्यांचं जाकीट घालून, रुंद काठाची टोपी हनुवटीखाली बांधून, दांड्यावरची गोल लाल पाटी वर करून रस्त्याच्या मधोमध येणार आणि मला थांबवणार. शाळेसमोरचं क्रॉसिंग सांभाळायची तिची नोकरी. पोरं रस्ता ओलांडताना गाड्या अडवायच्या आणि पोरं गेली की सोडायच्या. सगळं रीतसर होतं. फक्त शाळा नव्हती.

शाळा नकाशात होती. मेलबर्नच्या पश्चिमेला आमचं टॅरिंगबूल हे शेवटचं टोक, त्याच्यापुढं नुसतं काटेरी रान, काळे दगड आणि वारा. हे रान जेव्हा प्लॉट पाडून विकायला निघालं, तेव्हा नकाशात तळं होतं, दवाखाना होता, रेल्वे स्टेशन होतं आणि शाळा होती. रस्त्याचं काम ज्याला मिळालं त्यानं नकाशाप्रमाणं जुना रस्ता रुंद केला. नकाशात शाळेपुढं क्रॉसिंग होतं, त्यानं क्रॉसिंग केलं. पांढरे पट्टे ओढले, दोन्ही बाजूंना तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब रोवले, खांबांना झेंडे अडकवायच्या खोबणी ठेवल्या. शाळेचं काम दुसऱ्याच खात्याकडं होतं, आणि त्या खात्याला टॅरिंगबूल कुठं आहे ते सापडत नव्हतं.

क्रॉसिंग झालं म्हटल्यावर त्यावर माणूस पाहिजे. नगरपालिकेनं जाहिरात दिली. अर्ज एकच आला.

मुलाखतीला दोन बाया आणि एक बाप्या बसले होते. त्यांनी विचारलं, “मुलांसोबत काम करण्याचा काही अनुभव?”

डोली म्हणाली, “न्हाई. फ्लॉवरसंगट हाय. पन्नास वर्सं.”

“धोकादायक परिस्थितीत तुम्ही शांत राहू शकता का?”

“नवरा फ्लॉवरच्या रानात छातीत कळ यिऊन पडला तवा मी आदी पान्याचा पंप बंद केला, मग अँब्युलन्सला फोन केला. त्या साली दुष्काळ हुता.”

तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि तिला घेतलं. अर्धा दिवस शिकवलं. झेंडे लावले की क्रॉसिंग चालू, काढले की बंद. झेंडे असताना जागा सोडायची नाही. दोन शिट्ट्या मारल्या की गाड्या थांबल्या पाहिजेत. क्रॉसिंगवर एक माणूस जरी असला तरी गाडी पुढं न्यायची नाही, असा कायदा आहे, हेही सांगितलं. डोलीनं तेवढं वाक्य नीट ध्यानात ठेवलं. माणूस म्हणजे कोण, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं. तिनं ते आपल्यापुरतं ठरवलं.

तिचा बाप माल्टा बेटावरनं आलेला. येताना काय आणलं, तर एक विळा आणि सात पोरी. डोली चौथी. बाराव्या वर्षी तिची शाळा सुटली आणि हातात विळा आला. आता रुंद झालेल्या रस्त्यात जिथं क्रॉसिंगचे शेवटचे पट्टे आहेत तिथं फ्लॉवरची सहावी-सातवी सरी होती, असं ती सांगते. खरं-खोटं करायला ना सरी उरली ना फ्लॉवर. रान रस्त्याच्या एका बाजूला, घर आणि पाण्याची टाकी दुसऱ्या बाजूला. म्हणजे जन्मभर हा रस्ता ओलांडायचा. डोक्यावर क्रेट, काखेत क्रेट, आणि बालारात गावाकडनं येणारे लोकरीचे, डुकरांचे, दगडांचे ट्रक. कोण थांबतोय! भोंगा वाजवायचा आणि वेग वाढवायचा. एकदा कांद्याचा क्रेट ट्रकच्या चाकाखाली गेला. ड्रायव्हरनं खिडकीतनं हात हलवला, जशी काही ओळखच होती.

पुढं रान विकलं, पैसे आले, नवं घर आलं, थोरली लेक क्वीन्सलंडला गेली. डोलीला काही कमी नव्हतं. पण हातात पाटी आल्यावर पहिल्याच सकाळी तिनं बेचाळीस टनांचा खडीचा ट्रक थांबवला. ब्रेक असे करकरले की नेव्हिलच्या मेंढ्या कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर पांढराफटक. डोली पट्ट्यांवरनं सावकाश, अगदी लग्नात चालल्यासारखी पलीकडं गेली, खांबाला हात लावला आणि तशीच सावकाश परत आली. मग शिट्टी मारून त्याला सोडलं. त्या दिवसापासनं ती ही नोकरी सोडेल असं मला कधी वाटलं नाही.

नेव्हिलच्या मेंढ्या म्हणजे शाळेतल्या मेंढ्या. शाळेच्या जागेला तारेचं कुंपण घातलेलं, आत कंबरेएवढं गवत. उन्हाळ्यात वणवा लागेल म्हणून नगरपालिकेनं नेव्हिल ट्रेगरला सांगितलं, तुझी मेंढरं सोड आत. नेव्हिलनं चाळीस सोडली. हा आमच्यातला शेवटचा शेतकरी, अजूनही रान न विकलेला. सकाळी पाणी दाखवायला यायचा आणि कुंपणाला रेलून डोलीची चेष्टा करायचा.

“डोली, आज किती पोरं नेलीस पलीकडं?”

“तुजं काय जातंय?”

“माझ्या शाळंत चाळीसच्या चाळीस हजर हायत. तुज्याकडं बगून इचारलं.”

दोन वर्षांत डोलीनं पलीकडं नेलेली गिऱ्हाइकं मी सांगतो. धर्माची पुस्तकं वाटणारे दोघं, त्यांना घर सापडत नव्हतं. एक साळिंदरासारखा काटेरी मुंगीखाऊ, त्याला पाऊण तास लागला आणि पाऊण तास डोलीनं वाहतूक अडवली. कुंपणातनं सुटलेली नेव्हिलची एक मेंढी, तिला मात्र नेलं नाही. शिट्टी मारून परत पाठवली. आणि एकदा मी, मला पलीकडच्या झुडपाआड जायचं होतं. पोर एकही नाही. टॅरिंगबूलमध्ये पोरं ढिगानं आहेत, पण ती सगळी आठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावातल्या शाळेत गाडीनं जातात.

मग एका गुरुवारी कॅमरन ट्विग आला. नगरपालिकेच्या वाहतूक खात्यातला. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल, नाकाला उन्हासाठी पांढरं मलम फासलेलं. माणूस वाईट नव्हता. प्रामाणिक होता, आणि तीच पंचाईत होती.

“मिसेस ग्रेक, पुढच्या मंगळवारी या क्रॉसिंगची मोजणी करायची आहे. सकाळच्या एका तासात किमान वीस मुलांनी रस्ता ओलांडला पाहिजे आणि किमान पन्नास गाड्या गेल्या पाहिजेत. तसं नसेल तर क्रॉसिंग बंद करावं लागतं.”

“वीस पोरं? ती कुठनं आनू?”

“आणायची नसतात. ती आपोआप येतात.”

“कुठं येत्यात?”

“शाळेत.”

“कंच्या शाळंत?”

ट्विगनं कुंपणाकडं बघितलं. कुंपणामागनं एक मेंढी त्याच्याकडं बघत रवंथ करत होती. तो म्हणाला, “शाळा... यायची आहे अजून.”

“मग पोरं बी यायचीच हायत. सरळ हाय की.”

“सरळ आहे, पण फॉर्मवर तसा रकाना नाही.”

तो गेल्यावर नेव्हिल कुंपणावरनं म्हणाला, “डोली, माजी चाळीस हायत. एकदा नेली नि एकदा आनली तर ऐंशी हुत्यात. युनिफॉर्म बी सगळ्यांचा एकसारखा हाय.”

एरवी डोलीनं त्याच्या मेंढ्यांचं, बापाचं आणि टोपीचं वाभाडे काढले असते. त्या दिवशी तिनं तोंड फिरवलं. झेंडे काढले, गुंडाळले, काखेत मारले आणि घरी गेली. मी टँकर थांबवला तरी तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तेव्हा मला कळलं, बाई घाबरली आहे. नोकरी गेली असती तरी ती उपाशी मेली नसती. पण पाटी गेली असती, आणि मग ती पुन्हा रस्त्याकडेला उभं राहून गाड्या जायची वाट बघणारी एक म्हातारी झाली असती.

शनिवारी ती बलविंदरच्या दारात गेली. बलविंदर फरशी बसवायचं काम करतो, तिच्या घराच्या मागच्या गल्लीत राहतो. त्याला दोन पोरी, अनहद आणि जपलीन.

“बलविंदर, मंगळवारी तुज्या पोरी मला पायजेत.”

“कशाला, आंटीजी?”

“रस्ता वलांडाया.”

“कुठं जायला?”

“तू बी त्याच फॉर्मवरचा हायस काय रं? पलीकडं जायाला!”

“आंटीजी, दोनच आहेत. वीस लागतात ना?”

“बे दाहे वीस. शिकलायस का न्हाईस?”

मंगळवारी सव्वाआठला ट्विग घडीची खुर्ची टाकून खांबाशी बसला. हातात अंगठ्यानं दाबायचं मोजणीचं यंत्र, मांडीवर फॉर्म. डोलीनं झेंडे लावले. जाकीट धुवून इस्त्री केलेलं होतं. चमकीच्या जाकिटाला इस्त्री करायची नसते, त्यामुळं पाठीवरची चमकी थोडी वितळली होती.

गाड्यांचा प्रश्नच नव्हता. टॅरिंगबूलमधनं बाहेर पडायला रस्ता हा एकच. बारा हजार माणसं सकाळी एकाच वेळी त्यावर उतरतात आणि पुढच्या चौकात जाऊन तुंबतात. लोकांनी त्या रांगेतच संसार थाटलाय. बाप्ये दाढी करतात, पोरं दुधातले कॉर्नफ्लेक्स खातात, बाया फोनवर भांडणं सुरू करून मिटवतातसुद्धा, तोवर गाडी तीन घरं पुढं सरकलेली असते. मी उलट्या बाजूनं रिकाम्या रस्त्यानं येत होतो. डोलीनं मला सवयीनं थांबवलं आणि सोडायचं विसरली. म्हणून मी पुढचं सगळं टँकरच्या खिडकीतनं बघितलं.

साडेआठ झाले. पोरं शून्य.

आठ पस्तीसला बलविंदरची गाडी क्रॉसिंगपाशी येऊन तुंबली. मागचं दार उघडलं. अनहद आणि जपलीन दप्तरं पाठीला लावून उतरल्या. डोलीनं दोन शिट्ट्या अशा मारल्या की पहिल्या महायुद्धात सैनिक खंदकातनं बाहेर पडले असते. पोरी पलीकडं गेल्या. ट्विगनं अंगठा दोनदा दाबला. पोरी परत आल्या. ट्विगनं विचार केला, फॉर्म उलटून मागचं वाचलं आणि पुन्हा दोनदा दाबला.

तिसऱ्या फेरीला तो उठून उभा राहिला. “एक मिनिट. बेटा, तू कुठं चालली आहेस?”

“पलीकडं,” अनहद म्हणाली.

“पलीकडं काय आहे?”

“मेंढ्या.”

ट्विग पुन्हा बसला. फॉर्मवर ‘जाण्याचे कारण’ असा रकाना होता. त्यात त्यानं स्वच्छ अक्षरात लिहिलं, मेंढ्या.

आता मागच्या गाडीत एक पोरगी बसली होती, तिच्या मांडीवर तेच दुधातले कॉर्नफ्लेक्स आणि तोंडावर तोच रोजचा कंटाळा. तिनं काचेतनं बघितलं, दोन पोरी भर रस्त्यात उतरून मेंढ्यांना डब्यातली द्राक्षं भरवताहेत. तिनं दार उघडलं. आई ओरडली. डोली तिथनंच ओरडली, “अगं उतरू दे की तिला! बसलीयास धूर खात. कुटं गाडी पळतीया तुजी?”

आईनं पुढं बघितलं. पुढची गाडी हलली नव्हती. तिच्या पुढचीही नव्हती.

“लगेच ये परत,” आई म्हणाली.

आणि मग दारं उघडायला लागली. एक, दोन, मग सगळी रांग. निळे शर्ट, निळ्या टोप्या, सुजलेली दप्तरं, एक बासरी, एक पुठ्ठ्याचा ज्वालामुखी. पोरं डाव्या बाजूला उतरायची, क्रॉसिंगपाशी पळत यायची, डोलीपुढं ओळीत उभी राहायची, शिट्टीबरोबर पलीकडं जायची, कुंपणातनं मेंढीला एक घास द्यायची आणि शिट्टीबरोबर परत यायची. तोवर गाडी पाच-सहा गाड्यांएवढी पुढं गेलेली असायची. पोरं पळत जाऊन बसायची. काही पुन्हा उतरायची.

नेव्हिल कुंपणाआतनं बोंबलत होता, “व्हेजिमाइटचं सँडविच घालू नगा रं! खारट असतंय त्ये! मरतील माझी!”

“तूच म्हनालास न्हवं, शाळा हाय म्हून?” डोली पाटी वर धरून म्हणाली. “मग डबा खानारच पोरं!”

ट्विगचा अंगठा दुखायला लागला. त्यानं हात बदलला. मध्येच त्यानं मला खिडकीतनं विचारलं, “हे असं रोज होतं का?”

मी काय सांगणार? म्हणालो, “आज जरा गर्दी हाय.”

सव्वानऊला डोलीनं झेंडे काढले, नियमाप्रमाणं, घड्याळ बघून. शेवटची दोन पोरं पलीकडच्या बाजूला राहिली होती. त्यांना तिनं झेंड्याशिवाय आणलं नाही. झेंडे परत लावले, पोरं आणली आणि परत काढले. ट्विगनं यंत्र वर करून वाचलं. तीनशे चौऱ्याहत्तर.

त्या सकाळी एक घोटाळा झाला, तो त्याला नंतर कळला. आमच्याकडं सगळ्या गाड्या पांढऱ्या. घरं जशी एकासारखी एक, तशाच गाड्याही. मागं एकदा बलविंदर कामावरनं दमून आला आणि तिसऱ्याच घरात शिरून बूट काढून बसला. त्या घरच्या बाईनं त्याला चहा दिला, कारण तिचाही नवरा फरशी बसवतो आणि ती भिंतीकडं तोंड करून कपडे घड्या घालत होती. मग पळत येणाऱ्या पोरांनी कुठली पांढरी गाडी धरायची? मिळेल ती धरली. जवळजवळ निम्मी पोरं दुसऱ्याच्या गाडीत गेली. सगळी जाणार त्याच शाळेत, म्हणून कुणाचं बिघडलं नाही. काही आयांनी तर संध्याकाळी सांगितलं, आज पोरगं गाडीत फार शहाण्यासारखं वागलं. फक्त निवृत्त झालेला एक गृहस्थ गोल्फ खेळायला चालला होता, त्याच्या गाडीत मागं एक सात वर्षांची पोरगी ज्वालामुखी घेऊन बसलेली निघाली. चौक ओलांडल्यावर तिनं विचारलं, “तुम्ही कुणाचे आजोबा?” त्यानं गाडी वळवून तिला शाळेत सोडलं, ज्वालामुखी वर्गापर्यंत उचलून नेला आणि गोल्फ त्या दिवशी रद्द केला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. डोलीनं ते क्रॉसिंगवर फोडलं, मला थांबवून. माझ्या मागं खडीचे दोन ट्रक थांबले.

“वाच. माझा चस्मा घरी हाय.”

चष्मा तिच्या गळ्यात होता. मी वाचलं. मोजणीत आकडा नियमापेक्षा कितीतरी जास्त आला आहे. असा आकडा नगरपालिकेच्या हद्दीतल्या कुठल्याही चालू शाळेपुढंही आलेला नाही. तेव्हा क्रॉसिंग चालू ठेवण्यात येत आहे. मिसेस ग्रेक यांचं अभिनंदन.

“म्होरं?”

“म्होरं लिवलंय की आकडा इतका मोटा हाय, की खात्री करून घ्यावी लागंल. दर सत्रात एकदा परत मोजनार. न सांगता. मोजनारा मानूस लांब, गाडीत बसून मोजंल. वळखू येनार न्हाई.”

डोलीनं पत्राची घडी करून जाकिटात घातली. मागच्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. तिनं पाटी जराशी वळवून त्याच्या तोंडासमोर धरली. तो गप झाला.

“म्हंजी कवा येनार ते ठावं न्हाई,” ती म्हणाली.

“न्हाई.”

“म्हंजी रोजच पायजेत.”

“काय?”

“पोरं, मर्व्या! पोरं! रोज तीनशे चौऱ्याहत्तर!”

आणि तेव्हापासनं ते रोज आहे. बलविंदरनं गल्लीतल्या लोकांना निरोप धाडले, त्यांनी आपापल्या लोकांना धाडले. पोरांना काही सांगावंच लागलं नाही, ती अगोदरच उतरायला टपलेली. आयाबापांना आधी वाटलं, हे एका म्हातारीसाठी करतोय. मग वाटलं, पोरांचे पाय मोकळे होतात. आता कुणाला काही वाटत नाही. रांग लागली की दारं उघडतात. मोटारींवर ओळखू यायला लोकांनी खुणा बांधल्यात. कुणी निळी फीत, कुणी मोजा, एकानं तर आरशाला प्लास्टिकचा खेकडा लावलाय. मेंढ्या अंगानं एवढ्या सुटल्यात की लोकर कातरणारा नेव्हिलला म्हणाला, ही तुझी तीच का? नेव्हिलला गवताचं काम आता दुसऱ्या मेंढ्या आणून करून घ्यावं लागणार, कारण या चाळीसांनी गवताला तोंड लावायचं सोडलंय. पण तोही रोज आठ वाजताच येऊन उभा राहतो आणि कुठल्या मेंढीला काय चालतं ते पोरांना सांगतो. एक पोरगी त्याला सर म्हणाली. त्यानं ते खोडलं नाही.

शाळेच्या खात्यानं मध्यंतरी ट्विगचा अहवाल मागवला म्हणे. त्यात इतकी पोरं रोज बिनबोभाट ये-जा करताहेत म्हणून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की टॅरिंगबूलच्या पोरांची सोय झालेली दिसते.

राहिला तो मोजणारा माणूस. त्याची डोलीला फार धास्ती. रस्त्याकडेला कुठलीही अनोळखी गाडी थांबली, की तिची मान ताठ होते आणि शिट्टीचा आवाज चढतो. मागच्या बुधवारी एक पिकअप गाडी थांबली. आत एक माणूस, गुडघ्यावर कागद, हातात पेन, मधूनमधून मान वर करून बघतोय. माझ्या नजरेला तो सरळ सरळ नळ जोडणारा दिसत होता. गाडीवर पाइप होते, मागं शिडी होती, आणि कागदावर तो कुणाच्या तरी न्हाणीघराचं माप काढत होता. पण डोलीला पटेना.

“पाइप बी आनल्यात बग कसं,” ती माझ्याकडं वाकून म्हणाली. “शिडी बी. हुशार हायत लेकाचे.”

त्या दिवशी तिनं पोरांना तीनऐवजी पाच फेऱ्या करायला लावल्या. रांगेतनं गाड्यांची कुरकुर सुरू झाली, कारण पहिल्यांदाच चौक मोकळा होता आणि गाड्यांना जाता येत होतं, पण पोरं गाडीत नव्हती. डोली जागची हलली नाही. झेंडे होते, पोरं होती, कायदा होता.

सव्वानऊला झेंडे काढल्यावर ती जेवणाच्या डब्यातनं रिकोटा चीज भरलेल्या दोन पास्तित्सी, म्हणजे माल्टाकडच्या करंज्या, कागदात घेऊन त्या पिकअपपाशी गेली. काचेवर टकटक केली. त्यानं काच खाली घेतली.

“घ्या. सकाळपासनं बसलायसा.”

“अरे वा! थँक्यू.”

“भरली का मोजनी?”

“कसली मोजणी?”

डोलीनं डोळे बारीक केले आणि हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला हसताना बघितलं.

“असू दे, असू दे. सांगू नका. तुमचं बी बरोबर हाय.”

तो माणूस तिच्याकडं, मग माझ्याकडं, मग हातातल्या पास्तित्सीकडं बघत राहिला. मी इंजिन चालू केलं. मला तीन गल्ल्यांवर पाणी मारायचं होतं.

दुपारी तीनला मी परत आलो तेव्हा ती पिकअप तिथंच होती. मापाचं काम समोरच्याच घरात होतं बहुतेक. डोलीनं ते बघितलं, टोपीची दोरी आवळली, झेंडे खोबणीत बसवले, आणि चौकाकडनं परतणाऱ्या पांढऱ्या गाड्यांची पहिली रांग दिसताच दोन शिट्ट्या मारून रस्त्यात शिरली.